मग मोडी वाचायला कुणाला बोलावलंत?

लग्न असो की तेरावा, बीड जिल्ह्यात बारावी झालेल्या लेकराची चौकशी एकाच वळणानं जाते. "काय करायलंय मग?" "बी.ए." "कशात?" "इतिहासात." इथून पुढं विचारणारा लेकराशी बोलत नाही, त्याच्या बापाशी बोलतो, आणि दवाखान्यात भेटायला आल्यासारखा आवाज खाली आणतो. नीटला फारच कमी पडले का? लातूरला एक वर्ष रिपीट करून बघायचं होतं. फार्मसीचं बघा, अजून जागा असतील. बाप मान हलवतो. लेकरू वाढप्याकडं बघत बसतं.

या सहानुभूतीमागचं मत आधी धडपणे मांडून घेतो. इतिहास म्हणजे मेलेल्या राजांच्या सनावळ्या. त्यानं पोट भरत नाही. ज्याला गणित जमत नाही, इंग्रजी जमत नाही आणि घरीही बसायचं नाही, तो इतिहास घेतो. त्यातलं जाणून घ्यायचं ते सगळं मोबाइलवर फुकट आहे. शिवाय आजकाल इतिहासानं गावोगाव भांडणंच लागतात. पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू पोरांनी हवा तर शिकावा. दरवर्षी लाखो माणसं ऊस तोडायला बाहेर धाडणाऱ्या जिल्ह्याला ही चैन परवडत नाही. हे मत डॉक्टर मांडतात, अधिकारी मांडतात, ज्यांच्या कॉलेजात कला शाखा चालते ते संस्थाचालक मांडतात. आपलं पोरगं लातूरच्या क्लासला घातल्यावर इतिहासाचे काही प्राध्यापकही खासगीत हेच बोलतात.

मत चुकीचं आहे हे तर आहेच. चीड येते ती ते बीडमध्ये बसून मांडलं जातं म्हणून. ज्या जिल्ह्यात गेली काही वर्षं तहसीलच्या आवारापासून टीव्हीच्या पडद्यापर्यंत एकच गोष्ट चालू आहे, जुने कागद शोधा, त्याच जिल्ह्यात जुने कागद वाचायला शिकवणाऱ्या विषयाची कीव केली जाते.

पोटापासूनच सुरुवात करू, कारण पोटाचा मुद्दा काढला की समोरचा गप्प होतो अशी या मंडळींची समजूत आहे. इतिहासानं नोकरी लागत नाही. बरं. कशानं लागते? २०२३ साली तलाठ्याच्या ४,६४४ जागा निघाल्या तेव्हा राज्यभरातून दहा लाखांहून अधिक अर्ज आले. त्या गर्दीत इंजिनिअर होते, एमबीए होते. ते सगळे काय इतिहासाची पदवी घेऊन बेकार झाले होते? बीडच्या, अंबाजोगाईच्या किंवा पुण्यात सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावा. मेकॅनिकलची डिग्री घेतलेला गडी पंचविसाव्या वर्षी मान खाली घालून बसलेला असतो आणि त्याच्या पुढ्यात ग्रोव्हर-बेल्हेकर उघडं असतं. आधुनिक भारताचा इतिहास! अठराव्या वर्षी जो विषय घेणं कमीपणाचं होतं, तोच आता चार वर्षं आणि बापाचे काही लाख इंजिनिअरिंगमध्ये घालून झाल्यावर, महिन्याला अभ्यासिकेचं भाडं भरून, शिक्षकावाचून, प्रश्नसंचातून शिकायचा. आणि याला व्यवहारी निर्णय म्हणायचं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली. चार पर्यायांतला एक गोल काळा करण्यावर ज्यांची तयारी झाली, त्यांना पानभर सलग उत्तर लिहायचं म्हटल्यावर घाम फुटला. लिहायला आम्हाला कुणी शिकवलंच नाही, अशी त्यांची तक्रार आहे. जिथं शिकवायला हवं होतं आणि बऱ्यापैकी शिकवलंही जात होतं, त्या वर्गावर हसण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली, त्याला कोण काय करणार?

नोकरीचं एवढं पुरे. स्पर्धा परीक्षेच्या कुबड्या देऊन इतिहासाला उभं करायचं, ही मला त्या विषयाची बेअदबी वाटते. खरा मुद्दा कागदाचा आहे.

२०२३ च्या सप्टेंबरात शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीतून मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं. त्याचे नेते मनोज जरांगे मूळचे आमच्या शिरूर कासार तालुक्यातल्या मातोरीचे. सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यातल्या निजामकालीन कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं. आरक्षण कुणाला द्यावं, कुणाला देऊ नये, याचा निवाडा करायला मी इथं बसलेलो नाही. मला त्या रेकॉर्ड रूममध्ये काय दिसलं ते महत्त्वाचं वाटतं. पिढ्यान् पिढ्या कुणी हात न लावलेले बस्ते खाली आले. फडकी सोडली. आत मोडी, उर्दू, मधूनच फारसी. तारखा फसली सनात, महिने आजूर, दै, बहमन. एखाद्या कागदावर १२ बहमन १३४४ असं लिहिलेलं असलं तर तो कधीचा? फसलीत ५९० मिळवायचे, वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं हे ध्यानात ठेवायचं, म्हणजे डिसेंबर १९३४ हाती लागतो. हा हिशेब अवघड नाही. तो कुणीतरी शिकवावा लागतो, एवढंच.

आणि मग धावपळ झाली. मोडी वाचणारे पाहिजेत! उर्दू वाचणारे पाहिजेत! समिती हैदराबादला जाऊन आली. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुख्यमंत्र्यांनी सांगितलं की पावणेदोन कोटींच्या आसपास दस्तऐवज तपासले आणि त्यांत ११,५३० कुणबी नोंदी सापडल्या. एका सरकारी समितीनं काही आठवड्यांत एवढा कागद उलथापालथा केला, लाखो लोकांचं भवितव्य त्यावर लटकलं, आणि तो कागद वाचू शकणारी माणसं जिल्ह्यात शोधावी लागली. इतिहासाचा उपयोग काय असं विचारणाऱ्यांनो, मग मोडी वाचायला कुणाला बोलावलंत? केमिकल इंजिनिअरला? नीटच्या टॉपरला?

वाचता येणं ही तर पहिली पायरी. पुढं २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेऊन शासन निर्णय निघाला आणि 'गॅझेट' हा शब्द पानटपरीवर पोचला. एक बाजू म्हणते गॅझेटमध्ये लिहिलंय, दुसरी म्हणते गॅझेटमध्ये तसं लिहिलेलंच नाही. दोघांनीही ते पुस्तक वेदवाक्य म्हणून धरलेलं. इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला बसलेल्या, बरा शिक्षक लाभलेल्या पोराला विचारा, तो आधी काय विचारेल? कुणी लिहिलं? कोणत्या साली? लिहिणारा आधीच्या कुठल्या खानेसुमारीवरून उतरवून घेत होता? गावात मोजणी करणाऱ्या माणसाकडं किती रकाने होते आणि त्यानं कुणाला विचारून ते भरले? त्या तक्त्यात एखादं नाव जात म्हणून आलंय की शेती कसणारा म्हणून? या प्रश्नांची उत्तरं एका बाजूला सोयीची आणि दुसरीला गैरसोयीची असतीलच असं नाही. पण प्रश्न विचारल्याशिवाय उत्तर कसं निघणार? टीव्हीवरच्या तासातासाच्या चर्चांत मी यातला एक प्रश्न ऐकला नाही. सगळे वकील, सगळे प्रवक्ते. एकाही चर्चेत इतिहासाचा प्राध्यापक बोलावलेला दिसला नाही, कारण तो बहुधा तेव्हा घड्याळी तासिकेवर दुसऱ्या तालुक्याच्या कॉलेजला एसटीनं चालला होता.

जमिनीचं तर विचारूच नका. मराठवाड्यातली कुळाची भांडणं आजही हैदराबाद राज्यानं १९५० साली केलेल्या कुळवहिवाट कायद्यापाशी जाऊन थांबतात. इनामांची १९५२ च्या अतियात चौकशीच्या कायद्यापाशी. देवस्थानची आणि दर्ग्या-मशिदींची खिदमतमाश जमीन कुणाच्या नावावर होती, ती सेवेसाठी दिलेली होती की मालकीनं, मधल्या कुठल्या फेरफारानं ती सुटी झाली, यावरून आमच्याकडं एकराएकरानं घोटाळे झाले, गुन्हे दाखल झाले. सेतवार, खासरा पत्रक, पाहणीपत्रक हे कागद तलाठी, वकील आणि दलाल या तिघांखेरीज कुणाला वाचता येत नाहीत. दलालाला हे अडाणीपण फार सोयीचं आहे. इतिहास शिकून काय उपयोग, असं तो मनापासून म्हणत असणार.

आता मोबाइल. सगळं मोबाइलवर आहे हे खरं आहे. २०२५ च्या मार्चमध्ये एक सिनेमा पाहून बऱ्हाणपूरजवळच्या असिरगडच्या शिवारात माणसं रात्री टॉर्च लावून मोगलांचं सोनं खणत होती, तेही मोबाइलवरच पाहायला मिळालं. माहिती मिळण्यात आणि ती पारखण्यात फरक आहे, आणि पारख रीलमधून येत नाही. बीडजवळ महंमद तुघलकाच्या दाताची कबर आहे, यावर कितीतरी रील निघाल्या असतील. सुलतान वारंगळच्या मोहिमेवरून आजारी होऊन परतताना इथं त्याचा दात पडला आणि तो थाटात पुरला, असं इतिहासकार फरिश्ता लिहून गेला. गंमत आहेच. पण दिल्लीचा सुलतान तेलंगणातून देवगिरीकडं जाताना बीडवरून का गेला, त्या काळात हे गाव कोणत्या रस्त्यावर होतं, आणि फरिश्ता ही गोष्ट किती पिढ्यांनंतर लिहीत होता, हे विचारायला रीलच्या तीस सेकंदांत जागा उरत नाही. बीडच्या खजाना विहिरीचंही तसंच. अहमदनगरच्या निजामशाहीत सलाबत खानाच्या काळात बांधलेली ती विहीर आणि भुयारी वाटांनी शेतात जाणारं तिचं पाणी. दुष्काळी जिल्ह्यात चारशे वर्षांपूर्वी हे कुणी, कसं, कुणाच्या पैशानं केलं, हा प्रश्न आमच्या जलसंधारणाच्या किती बैठकांत निघाला?

इतिहासानं भांडणं लागतात, हा आक्षेप मला सगळ्यांत खोटा वाटतो. भांडणं लागतात ती अर्धवट इतिहासानं. याला पुरावा म्हणून गेवराई तालुक्यातलं राक्षसभुवन घ्या. गोदावरीकाठचं हे गाव आमच्याकडं शनीसाठी प्रसिद्ध आहे. साडेसाती घालवायला लोक लांबून येतात. तिथं १० ऑगस्ट १७६३ रोजी पेशव्यांनी निजामाचा पराभव केला, हे ज्यांना ठाऊक असतं त्यांना ते हिंदू विरुद्ध मुसलमान असं ठाऊक असतं. व्हॉट्सअपवर तसंच येतं. आता त्या लढाईत कोण कुठं उभं होतं ते पाहा. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर, ब्राह्मण. तोच फौजेची पिछाडी घेऊन दक्षिण तीरावर अडकला आणि तिथंच मारला गेला. नदीला पूर, आणि खुद्द निजाम अली पलीकडच्या काठावरून बघत राहिला. नागपूरचे जानोजी भोसले ऐन लढाईच्या आधीपर्यंत निजामाच्या गोटात. मिरजेचे गोपाळराव पटवर्धनही त्याच बाजूला गेलेले. आणि पेशव्यांच्या बाजूनं लढणारे राघोबादादा? त्यांनी आदल्याच वर्षी निजामाची मदत घेऊन आपल्या पुतण्याला, माधवरावांना, आळेगावपाशी नमवलं होतं. त्याच निजामानं १७६३ च्या उन्हाळ्यात पुणं जाळलं, तेव्हा त्याच्या फौजेबरोबर मराठे सरदार होते. माधवराव तेव्हा अठरा वर्षांचा, आजचा असता तर बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असता.

सांगा, या लढाईचा कुठला झेंडा करणार? सत्ता, चौथाई, भाऊबंदकी, मुलखाचा महसूल, एकमेकांवरचे जुने डाव या सगळ्यांचा गुंता तिथं आहे, आणि तो सुटा करायला वर्गात चार तास लागतात. ते चार तास मिळाले तर पोरगं भडकवणाऱ्याला दोन प्रश्न विचारतं. न मिळाले तर ते दगड उचलायला मोकळं. ३० ऑक्टोबर २०२३ ला आरक्षणाच्या आंदोलनात बीडमध्ये जाळपोळ झाली. हातात बाटली घेतलेल्यांना इतिहास जास्त झाला होता, असं कुणाला खरंच वाटतं का?

हीच गोष्ट १७ सप्टेंबरची. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला झेंडावंदन होतं, रझाकारांच्या अत्याचारांवर भाषण होतं, जिलबी होते. रझाकारांनी काय केलं ते सांगायलाच हवं. माझ्या आधीच्या पिढीनं ते सोसलंय. मोमिनाबादेत, म्हणजे आजच्या अंबाजोगाईत, शाळा चालवता चालवता स्वामी रामानंद तीर्थ लढ्यात कसे उतरले, हेही सांगायला हवं, कारण त्या निजामी राज्यात मराठीतून शाळा चालवणं हेच किती मोठं काम होतं ते आज कुणाला कळत नाही. पण १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर काय झालं? पंडित सुंदरलाल समितीनं मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला, आणि तो अहवाल दशकानुदशकं लोकांच्या हाती आला नाही. एकाच कॉलेजात, एकाच बाकावर बसणाऱ्या दोन घरांच्या आठवणी वेगळ्या आहेत. एका घरी रझाकार आठवतात, दुसऱ्या घरी कारवाईनंतरचे दिवस. दोन्ही आठवणी पुराव्यासमोर ठेवून, आवाज न चढवता बोलायची जागा या जिल्ह्यात कुठं आहे? मंदिरात नाही, मशिदीत नाही, पक्षाच्या कार्यालयात तर मुळीच नाही. बी.ए.च्या वर्गात असू शकते. आणि योगायोग असा की मोडी शिकायला तयार असलेलं पोरगं आणि उर्दू घरूनच येणारी पोरगी, जुन्या दप्तराला लागणारे हे दोन्ही डोळे, बीडच्या कॉलेजांत शेजारी बसलेले सापडतात. पुण्यात ते सहज जमत नाही.

"ज्याला काही जमत नाही तो इतिहास घेतो." या वाक्यातला 'तो' बहुतेक वेळा 'ती' असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. अशा जिल्ह्यात एखादी पोरगी बारावी होऊन तालुक्याच्या कॉलेजात येते. सायन्सला लांब जावं लागतं, क्लासचे पैसे नाहीत, होस्टेलला घरचे धाडत नाहीत. उरते बी.ए., आणि त्यात इतिहास. तिच्यापुढं दुसरा पर्याय एमबीबीएस हा नसतो. नवऱ्याबरोबर कोयता, हा असतो. तिच्या त्या तीन वर्षांना 'टाइमपास' म्हणणारे कोण? ज्यांच्या पोरींना दोनदा रिपीट करायची ऐपत आहे ते. अंबाजोगाईला शिकणारी मुलगी ज्या गावातून चालत जाते, तिथं तेराव्या शतकातला शिलालेख सापडलेला आहे. यादवांचा सेनापती खोलेश्वर, त्याचा मुलगा राम लढाईत पडला, आणि त्या भावाच्या स्मरणार्थ बहिणीनं, लक्ष्मीनं, देऊळ बांधलं असं तो सांगतो. सातशे-आठशे वर्षांपूर्वीची बाई स्वतःच्या नावानं दगडावर उभी आहे. हे त्या मुलीला सांगणं म्हणजे तिचा वेळ वाया घालवणं?

आता समोरच्या पक्षाचा हुकमी पत्ता. "अहो, सगळं खरं, पण कॉलेजात शिकवतं कोण? पोरं वर्गात नसतात, गाइडवर पास होतात, कायम प्राध्यापक निवृत्त झाला की जागा भरत नाहीत, तासिकावाल्याला वर्षाकाठी काय मिळतं ते विचारू नका, आणि जागा निघालीच तर आकडा ऐकून चक्कर येते." यातलं एक अक्षर मी खोडणार नाही. पण हे इतिहासाविरुद्धचं म्हणणं कसं झालं? विहिरीची मोटार चोरीला गेली म्हणून पाणी वाईट ठरतं का? आणि जागा रिकाम्या ठेवणारे, आकडा सांगणारे, वर्ग न भरल्याकडं काणाडोळा करणारे हेच लोक लग्नाच्या मांडवात इतिहासाला अर्थ नाही म्हणतात, तेव्हा त्यांना एवढंच विचारावं: तो काढून कुणी घेतला?

शिकण्यासारखं इथं काही नाही, असंही कुणी म्हणेल, तर त्यानं राजवाड्यांची आठवण ठेवावी. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे, बी.ए. बरं का, विद्यापीठावर आयुष्यभर तोंडसुख घेणारे, पण बी.ए.; दप्तरं धुंडाळत गावोगाव फिरायचे. १९०९ साली त्यांनी छापलेली ज्ञानेश्वरी ज्या पोथीवरून छापली, ती त्यांना बीडच्या पाटांगणात मिळाली होती. म्हणजे मराठीतल्या सर्वांत मोठ्या ग्रंथाचा एक जुना पाठ आमच्या गावात फडक्यात बांधून पडला होता आणि तो ओळखायला माणूस बाहेरून यावा लागला. सव्वाशे वर्षं होत आली. माणूस अजून बाहेरूनच बोलवायचा का?

शेवटी त्या चैनीच्या मुद्द्याकडं. गरीब जिल्ह्याला इतिहास परवडत नाही म्हणतात. जिल्हा गरीब का आहे, हे कोणत्या विषयात शिकवतात? विसाव्या शतकाच्या तोंडावर निजामाच्या राज्यात मनमाडहून निघालेली रेल्वे औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत हैदराबादला गेली; बीड शहर बाजूला राहिलं आणि तिथं पहिली गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. मधल्या सव्वाशे वर्षांत बाजारपेठा कुठं वाढल्या आणि कुठं वाढल्या नाहीत, हे नुसतं पाऊस कमी पडतो म्हणून समजत नाही. दुष्काळ म्हटलं की आमच्याकडं ७२ आठवतो. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत, दोन दुष्काळांत, जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेसहा लाखांवरून पाच लाखांच्या खाली गेली, हे किती जणांना माहीत आहे? ती माणसं मेली की गेली? गेली तर कुठं? या प्रश्नावर एका विद्यार्थ्याचं सगळं आयुष्य जाईल, आणि ते वाया गेलं असं मी तरी म्हणणार नाही.

आणि कोयता. १९५० साली प्रवरेला पहिला सहकारी कारखाना उभा राहिला, पश्चिम महाराष्ट्रात साखर वाढत गेली आणि तिच्यासाठी वाकणारी कंबर आमच्या बालाघाटातून गेली. मुकादम, उचल, टोळी, खाडा. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि एक दिवस पडलं तर खाड्याचे पैसे कापले जाणार. २०१९ साली विधान परिषदेत सांगितलं गेलं की तीन वर्षांत बीड जिल्ह्यात ४,६०५ बायकांची गर्भाशयं काढली गेली. राज्य हादरलं, समिती झाली, आरोग्याचा प्रश्न म्हणून फाईल तयार झाली. पण पाळीच्या चार दिवसांचा खाडा परवडेना म्हणून बाई पोटातला अवयव काढून टाकायला तयार होते, हा करार कधी ठरला, कुणी ठरवला, उचलीची रक्कम दर दशकात कशी बदलली, बायकोला अर्धा कोयता कुणी केलं, हे सांगणारे कागद कुठं आहेत? ते मुकादमांच्या वह्यांत आहेत, कारखान्यांच्या गेटपासांत आहेत, टोळीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्यांत आहेत. पट्टा पडला की या वह्या रद्दीत जातात. मुकादम म्हातारे झाले, पहिल्या फळीतले तर गेलेही. त्यांना बोलतं करायला, वही मागायला, तिच्यातला लबाडीचा आकडा ओळखायला अशी व्यक्ती लागेल जिला फडातली भाषा येते, जिच्या आईनं वाढे बांधलेत, आणि जिला पुरावा म्हणजे काय हे कुणीतरी शिकवलंय. पहिली दोन्ही असलेल्या मुली आत्ता, या घटकेला, बीड जिल्ह्यातल्या इतिहासाच्या वर्गांत नाव घालून आहेत. तिसऱ्यासाठी त्यांच्या वर्गावर पूर्णवेळ शिक्षक नेमा, वेळापत्रकात मोडीला आणि उर्दूला तास द्या, तहसीलची रेकॉर्ड रूम त्यांना उघडून द्या, आणि पुढच्या लग्नात फार्मसीचा सल्ला तुमच्यापाशीच ठेवा.